मी निवडलेला आहे की नाही, हे कसे कळावे?

आपण लिहिले आहे की आपण भुसावळजवळच्या अलायन्स या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतल्या मंडळीत लहानाचे मोठे झालात, तरुणपणी पश्चात्तापाची हाक देणाऱ्या संजीवन सभेत पुढे जाऊन प्रभूला जीवन दिलेत आणि पुढे बाप्तिस्मा घेतलात. आता पुण्यात नोकरी करणारा आपला चुलतभाऊ सांगतो की देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी ज्यांना निवडले तेच तरतात, ख्रिस्त फक्त त्यांच्यासाठीच मरण पावला, आणि सभेत हात वर करून घेतलेला निर्णय हा निव्वळ माणसाचा खटाटोप असतो. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारता : कॅल्व्हिनपंथीयांची, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या परंपरेतल्या लोकांची, शिकवण नेमकी काय आहे आणि इतर ख्रिस्ती लोक तिच्यापासून कुठे वेगळे होतात, आपण निवडलेले आहात की नाही हे कसे ओळखावे, आणि मंडळी बदलावी का. शेवटच्या ओळीत, जणू जाता जाता, आपले वडील बाप्तिस्मा न घेताच वारले, असेही आपण लिहिले आहे.

माझ्या मते या तिन्हींतला दुसरा प्रश्न आपला खरा प्रश्न आहे. पहिला आपण पुस्तके वाचून सोडवू शकला असता आणि तिसरा घरच्या मंडळींशी बोलून सुटला असता. परंतु दुसऱ्याने आपली झोप उडवली आहे, असे पत्राच्या सुरावरून दिसते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये पाळकाचे आणि बायबल शिकवण्याचे काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे पुष्कळदा आला आहे, आणि अलीकडे मोबाइलवरची प्रवचने ऐकणाऱ्या तरुणांकडून तो अधिक येतो. माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझे उत्तर आपल्याला पारखून घेता येईल. मी स्वतः सुधारित, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेत शिकलेला आहे आणि निवडीची शिकवण मला शास्त्राला धरून वाटते. तरीही ती आपल्या कानावर ज्या रीतीने पडली आहे, ती रीत मला त्या परंपरेचीच वाटत नाही.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण भावाने जे पाच मुद्दे सांगितले असतील ते कॅल्व्हिनने कधीच त्या रूपात मांडले नव्हते. जॉन कॅल्व्हिन 1564 मध्ये जिनीव्हात वारला. नेदरलँड्समधील लायडनचा प्राध्यापक याकोबस आर्मिनियस याने निवडीच्या प्रचलित शिकवणीवर आक्षेप घेतले, तो 1609 मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्याला उत्तर म्हणून डॉर्ड्रेख्त या शहरात 1618 आणि 1619 मध्ये धर्मसभा भरली आणि तिने जे निर्णय दिले, त्यांना आपण डॉर्टचे (त्या शहराचे हे छोटे नाव) सिद्धांत म्हणतो. म्हणजे हे पाच मुद्दे तारणाचा संपूर्ण सारांश म्हणून लिहिलेले नाहीत. पाच आक्षेपांना दिलेली ती पाच उत्तरे आहेत. ट्यूलिप या फुलाच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवर त्यांची जी मांडणी आज सर्वत्र फिरते, ती तर त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी रूढ झाली. (त्या सभेमागे राजकारणही होते. आर्मिनियसच्या अनुयायांचा पाठीराखा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा शिरच्छेद सभा संपल्यानंतर काही दिवसांतच झाला. सिद्धांताचे सत्य त्यामुळे कमी-जास्त होत नाही, पण ही सभा म्हणजे केवळ शांतपणे शास्त्र उघडून बसलेल्या लोकांची बैठक होती, असे समजू नये.)

आता त्या शिकवणीचा गाभा पाहू. आदामाच्या पतनानंतर माणसाचा कोणताही भाग, म्हणजे बुद्धी, भावना किंवा इच्छा, पापापासून अलिप्त राहिलेला नाही आणि म्हणून तो आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही. याचा अर्थ प्रत्येक माणूस जितका वाईट होऊ शकेल तितका वाईट आहे, असा नव्हे. शेजाऱ्याला मदत करणारा, पण ख्रिस्तावर विश्वास नसलेला माणूस आपण रोज पाहतो आणि कॅल्व्हिनपंथीयही त्याचे चांगुलपण नाकारत नाहीत. अशा माणसांतून देवाने काहींना निवडले, ते त्यांच्यात पुढे दिसणारा विश्वास किंवा सत्कर्म पाहून नव्हे, तर केवळ आपल्या प्रसन्न इच्छेने. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि रोमकरांस पत्राचा नववा अध्याय हे इथले मुख्य आधार. ज्यांना निवडले त्यांचे तारण ख्रिस्ताच्या मरणाने नुसते शक्य झाले नाही, तर पक्के झाले. ज्यांना देव आतून बोलावतो ते येतातच, आणि जे असे आले त्यांना तो अखेरपर्यंत राखतो.

यातल्या दोन मुद्द्यांचा विपर्यास सर्वांत जास्त होतो. 'ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला' हे वाक्य आपल्या भावाने जसे उच्चारले, तसे ऐकले की जणू क्रुसावरच्या मरणात काही कमतरता होती असे वाटते. डॉर्टच्या सिद्धांतांत याच्या उलट लिहिले आहे : ख्रिस्ताच्या मरणाचे मोल अमर्याद आहे आणि ते अख्ख्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी पुरून उरण्याजोगे आहे. वाद मोलाविषयी नाही, हेतूविषयी आहे. देवाने त्या मरणाने नेमके काय साधायचे ठरवले होते, एवढाच तो प्रश्न. दुसरा विपर्यास कृपेविषयीचा. कृपा अडवता येत नाही म्हणजे माणूस फरफटत नेला जातो, असे समजले जाते. डॉर्टची सभा स्पष्ट सांगते की ही कृपा माणसांना लाकडाच्या ओंडक्यांप्रमाणे किंवा दगडांप्रमाणे वागवत नाही, तर त्यांची इच्छा बरी करून तिला नवे जीवन देते. विश्वास ठेवणारा माणूस स्वतःच्या इच्छेनेच विश्वास ठेवतो. ती इच्छा जिवंत कोणी केली, याचे श्रेय फक्त देवाला दिले जाते.

इथे खानदेशात एक अडचण विशेषकरून येते. पाचवीच्या पूजेला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले असते, आणि ख्रिस्ती घरांतही ही कल्पना मनाच्या तळाशी शिल्लक असते. त्यामुळे पूर्वनियोजन म्हटले की ते कपाळावरचे लिखित वाटते : जे व्हायचे ते होणार, मी प्रार्थना केली काय आणि न केली काय. कॅल्व्हिनपंथीय शिकवण असे म्हणत नाही. नशिबाला साधनांची गरज नसते. देवाच्या निवडीत मात्र वचनाची घोषणा, प्रार्थना, पश्चात्ताप आणि मंडळीची संगत ही साधनेही नेमलेलीच असतात. पाऊस देवाच्या हाती आहे म्हणून आपल्याकडचा शेतकरी कापूस पेरायचे थांबत नाही, तसेच हे आहे. विल्यम केरी हा निवडीची शिकवण मानणाऱ्या बॅप्टिस्टांपैकीच होता; तरी तो 1793 मध्ये बंगालमध्ये उतरला, आणि मराठी नवा करार प्रथम छापला गेला तो त्याच्याच, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून. मात्र एक कबूल केले पाहिजे. देवाचे सार्वभौमत्व आणि माणसाची जबाबदारी यांचा मेळ नक्की कसा बसतो, हे कॅल्व्हिनपंथीयांनी समजावून सांगितलेले नाही. ते दोन्ही शास्त्रात आहेत म्हणून ते दोन्ही धरून ठेवतात. विरोधकांना यात पळवाट दिसते, आणि त्यांना तशी का दिसते हे मी समजू शकतो.

आता इतर ख्रिस्ती लोकांकडे वळू. सगळ्यांना एका रांगेत उभे करून 'हे कृपा मानतात आणि ते कर्म मानतात' अशी विभागणी करणे सोपे आहे, परंतु ती खोटी आहे. माणूस देवाच्या कृपेशिवाय आपल्या बळावर तरतो, हे मत पेलाजियसच्या नावाने ओळखले जाते आणि ते कार्थेजच्या सभेने 418 मध्येच नाकारले. रोमन कॅथलिक, लूथरन, मेथडिस्ट, सुधारित, सर्व जण ते नाकारतात. मतभेद त्याच्या अलीकडे सुरू होतात.

आर्मिनियसच्या आणि नंतर मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या परंपरेत पतित माणसाची असमर्थता मान्यच आहे. भावाने हे आपल्याला सांगितले नसेल, पण आर्मिनियस त्या बाबतीत पुष्कळ कॅल्व्हिनपंथीयांइतकाच कडक होता. फरक असा की त्यांच्या मते देव सर्वांना आधी येणारी एक कृपा देतो, तिच्यामुळे माणसाला होकार देणे शक्य होते, आणि तो ती नाकारूही शकतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले 'ज्यांना त्याने आधीच ओळखले' हे शब्द ते असे वाचतात की कोण विश्वास ठेवील हे देवाने आधीच पाहिले आणि त्यांना निवडले. 1 तीमथ्य 2:4 मध्ये सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा सांगितली आहे, आणि ते वचन त्यांच्या मांडणीत सरळ बसते. आम्हाला तिथे 'सर्व प्रकारच्या माणसांचे' असा अर्थ लावावा लागतो, आणि तो लावताना मला स्वतःला नेहमीच समाधान वाटते असे नाही. उलट पित्याने ओढल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही असे सांगणारे योहान 6:44 आमच्या मांडणीत सरळ बसते आणि त्यांना तिथे वळण घ्यावे लागते. विश्वासू, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा, माणूस पुढे त्या विश्वासातून पडू शकतो का, या मुद्द्यावर 1610 च्या निवेदनाने निर्णयच दिला नव्हता, अधिक अभ्यास हवा एवढेच म्हटले होते. वेस्लीने मात्र पडू शकतो असे शिकवले, आणि आजच्या बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या तेच मानतात. वेस्ली आणि त्याचा कॅल्व्हिनपंथी मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्यात यावरून जाहीर भांडण झाले, तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ उपदेश केला तो वेस्लीने.

लूथरन लोकांची भूमिका पुष्कळांना ठाऊक नसते, आणि मला ती सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. 1577 च्या त्यांच्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या लिखित जाहीरनाम्यात, निवड निव्वळ कृपेने, माणसातले काहीही न पाहता होते, असेच म्हटले आहे; परंतु ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, कृपा नाकारता येते आणि खरा विश्वासू माणूसही विश्वासातून पडू शकतो, हेही ते तितक्याच ठामपणे म्हणतात. जो तरला त्याचे सर्व श्रेय देवाचे, जो हरवला त्याचा सर्व दोष त्याचा स्वतःचा; मग काही तरतात आणि काही तरत नाहीत हे का, या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत, आणि द्यायचा प्रयत्नही करत नाहीत.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या आपल्या कॅथलिक मित्रांना विचाराल, तर तारणाची सुरुवात माणसाच्या कोणत्याही पुण्याईशिवाय कृपेनेच होते, हे त्रेंतच्या सभेने 1547 मध्ये ठरवलेले तत्त्व त्यांचे फादरही सांगतील. पण तिथे नीतिमान ठरणे म्हणजे फक्त निर्दोष असल्याचा निवाडा नव्हे. माणूस आतून नीतिमान होत जातो, त्यात त्याची इच्छा सहकार्य करते, आणि घातक पापाने ही कृपा गमावता येते व पापनिवेदनाच्या संस्काराने पुन्हा मिळते. आपण अखेरपर्यंत टिकू याची पक्की खात्री खास प्रकटीकरणाशिवाय कोणालाही असू शकत नाही, असेही ती सभा सांगते. इथे खात्रीच्या मुद्द्यावर कॅथलिक आणि सुधारित या दोन्ही परंपरा खरोखर समोरासमोर येतात. कृपा आणि स्वतंत्र इच्छा यांवर कॅथलिकांमध्येही डॉमिनिकन आणि येशूसंघी यांचा इतका तीव्र वाद झाला की 1607 मध्ये पोप पाचवा पॉल याने निर्णय न देता तो थांबवला. नीतिमान ठरण्याविषयी कॅथलिक आणि लूथरन यांनी 1999 मध्ये एक संयुक्त निवेदन केले, 2006 मध्ये मेथडिस्टांची आणि 2017 मध्ये सुधारित मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. त्यामुळे सर्व भेद मिटले असे नव्हे, परंतु 'ते कर्माने तरतात म्हणतात' असे बोलण्यापूर्वी आता थांबायला हवे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची चौकटच वेगळी आहे. तिथे तारण म्हणजे प्रामुख्याने देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे, आणि कॅल्व्हिनपंथी मत त्यांनी 1672 च्या जेरुसलेमच्या सभेत नाकारले.

मग आपल्या मंडळीचे काय? पूर्व खानदेशात ज्या अलायन्स मिशनने काम केले, तिचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन हा प्रेस्बिटेरियन पाळक होता. म्हणजे मूळ कॅल्व्हिनचेच, पण अलायन्सने या वादात मुद्दाम कोणतीच बाजू घेतली नाही. पश्चिम खानदेशात, नवापूरच्या बाजूला, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले, आणि तेही संजीवनाच्या चळवळीतून निघालेले होते. त्यामुळे आपल्याकडे मतांगिकार पाठ करण्याऐवजी व्यक्तिगत पश्चात्तापावर भर राहिला. आपल्या मंडळीने निवडीची शिकवण लपवून ठेवली असे नव्हे. तो तिचा विषयच नव्हता. सभेत पुढे जाण्याने कोणी तरत नाही, हे भावाचे म्हणणे बरोबर आहे. पण देव एखाद्याला सभेत पुढे जाण्याच्या क्षणी बोलावू शकत नाही, असे कोणत्याही सुधारित मतांगिकारात म्हटलेले नाही.

आता खरा प्रश्न. आपण निवडलेले आहात का, हे शोधण्यासाठी देवाच्या गुप्त संकल्पात डोकावण्याचा प्रयत्न करू नये, असे सर्वांत ठामपणे सांगणारा माणूस कॅल्व्हिनच आहे. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या 1559 च्या अंतिम आवृत्तीत पूर्वनियोजनाची चर्चा देवाविषयीच्या पहिल्या भागात नाही. ती तिसऱ्या भागात, विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणे आणि प्रार्थना यांच्यानंतर येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माणूस ख्रिस्ताकडे येतो, आणि मग मागे वळून पाहताना त्याला कळते की आपल्याला आणले गेले. या विषयात कुतूहलाने शिरणारा माणूस भूलभुलैयात अडकतो, असे कॅल्व्हिन म्हणतो, आणि आपली निवड आपण ख्रिस्तामध्ये आरशात पाहावी तशी पाहावी, स्वतःमध्ये शोधू नये, असेही सांगतो. डॉर्टची सभाही तेच म्हणते : खात्री येते ती ख्रिस्तावरचा विश्वास, देवाविषयीचे लेकराचे भय, पापाविषयीचे दुःख आणि नीतिमत्त्वाची भूक ही फळे आपल्यात पाहून. आणि ज्यांना ही फळे अजून स्पष्ट जाणवत नाहीत, परंतु जे देवाने दिलेली साधने वापरत आहेत आणि अधिक जाणवावे अशी इच्छा धरतात, त्यांनी नाकारल्याची, म्हणजे देवाने काहींना निवडले नाही अशी, शिकवण ऐकून घाबरू नये आणि स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये, असे पहिल्या प्रकरणाच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. आपले पत्र वाचल्यावर मला सर्वांत आधी हेच कलम आठवले.

तरी खात्री प्रत्येकाला सारखी मिळत नाही, आणि हे परिस्थितीवर अवलंबून असते. 1646 चा वेस्टमिन्स्टरचा सुधारित मतांगिकार मान्य करतो की खऱ्या विश्वासू माणसालाही खात्री मिळायला दीर्घ काळ लागू शकतो. स्वभावाने चिंता करणारा माणूस प्रत्येक फळ भिंगातून पाहतो आणि त्यात कीड शोधतो. त्याला मी फळे तपासायला सांगत नाही, त्याला मी योहान 6:37 पुन्हा पुन्हा वाचायला सांगतो, कारण तिथे येणाऱ्याला घालवून देणार नाही असे वचन आहे आणि येणारा निवडलेला असावा अशी अट घातलेली नाही. जो माणूस एकदा निर्णय घेतला म्हणून वर्षानुवर्षे निर्धास्त आहे आणि बायकोला मारतो, त्याला मात्र फळेच तपासायला सांगावी लागतात. 'एकदा तारण, कायमचे तारण' ही घोषणा संतांच्या टिकावाच्या, म्हणजे देव आपल्या माणसांना अखेरपर्यंत राखतो या, शिकवणीहून वेगळी आहे, कारण टिकाव म्हणजे पवित्रतेत टिकणे. अनेक रात्री झोप लागत नसेल, एकच विचार थांबत नसेल आणि प्रार्थनेनेही तो हलत नसेल, तर पाळकाबरोबर डॉक्टरलाही भेटा. तो प्रत्येक वेळी धर्मशास्त्राचाच प्रश्न असतो असे नाही. धुळे तालुक्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला या सगळ्याचा अर्थ अहिराणीत एका वाक्यात सांगितला होता, 'देवनी माले धरेल शे, मी देवले नही', आणि त्यांना डॉर्ट हे नावही माहीत नव्हते.

वडिलांविषयी. निवडलेल्यांची यादी कोणत्याही मंडळीच्या हाती नाही, आणि अमुक एक मृत माणूस नाकारलेला आहे असे जाहीर करण्याचा अधिकार सुधारित परंपरेने कोणालाही दिलेला नाही. तसा निर्णय भावाने बोलून दाखवला असेल तर तो त्याचा स्वतःचा आहे, कॅल्व्हिनचा नाही. वडिलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले होते, हे आपल्याला दिसत नाही. ते तरले आहेत असे आश्वासनही मी आपल्याला देऊ शकत नाही. दिले तर ते माझ्या पदाचा गैरवापर ठरेल. आपण त्यांच्यासाठी शोक करावा, आणि त्या शोकाला सिद्धांताची चर्चा करून लपवू नये, एवढे सांगेन.

मंडळी बदलण्याविषयी माझे मत असे की या एका कारणासाठी आत्ता बदलू नये. जिथे ख्रिस्त वधस्तंभावर खिळलेला उपदेशिला जातो, प्रभुभोजन दिले जाते आणि चुकल्यावर कोणी तरी टोकते, तिथे आपली निवड समजून घेण्याची सर्व साधने आहेत. पुढे आपले मत खरोखर बदलले आणि भावाच्या गटात जावेसे वाटले, तर आधी तिथल्या जबाबदार माणसांना काही गोष्टी स्पष्ट विचारा : ते कोणता मतांगिकार मानतात, आपला बाप्तिस्मा ते ग्राह्य धरतील की पुन्हा घ्यायला लावतील, मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी त्यांचे काय मत आहे (प्रेस्बिटेरियन आणि सुधारित बॅप्टिस्ट या दोघांनाही कॅल्व्हिन मान्य असला तरी इथे ते वेगळे आहेत), आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची आहे. ज्या गटावर कोणाचीच देखरेख नाही आणि ज्याला आपल्याखेरीज जिल्ह्यातली कोणतीच मंडळी खरी वाटत नाही, तिथे सिद्धांत कितीही नेमका असला तरी मी माझ्या मुलाला पाठवणार नाही. भावाशी वाद घालत बसू नका. पुढच्या वेळी तो घरी आला की त्याच्याबरोबर डॉर्टच्या सिद्धांतांचे पहिले प्रकरण सुरुवातीपासून अठराव्या कलमापर्यंत वाचा, आणि नंतर काही अडले तर दोघांनी मिळून मला लिहा.